अहवाल कुणी वाचायचा?

मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या फाटकासमोर झेरॉक्सची दुकाने असतात आणि सकाळच्या वेळी त्यांच्यापुढे उभे राहायलाही जागा नसते. केसपेपर, आधार कार्ड, शाळेचे पत्र, आधीच्या तपासण्यांचे निकाल, या सगळ्यांच्या प्रती फाइलला लावल्याशिवाय पुढच्या खिडकीवर कुणी दाद देत नाही. गेल्या पावसाळ्यात मुंबईतल्या अशाच एका दुकानात मी माझ्या मामेबहिणीबरोबर उभी होते. ती कराडजवळच्या गावाहून मुलीला घेऊन आली होती. मुलीची अध्ययन अक्षमतेसाठी, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणे, लिहिणे किंवा गणित फार अवघड जाते का यासाठी, तपासणी चालू होती आणि त्या दिवशी मानसशास्त्रज्ञांचा अहवाल हाती पडला होता. दुकानदार एकेक पान काचेवर ठेवत होता आणि निघालेल्या प्रती माझी तेरा वर्षांची भाची गोळा करून क्रमाने लावत होती. बहीण पिशवीत सुटे पैसे शोधत होती. मी सहज वळून पाहिले, तर मुलीचे बोट पानावर होते. ओळीखालून ते सरकत होते, थांबत होते, मागे येऊन पुन्हा पुढे जात होते. इंग्रजीतला तो अहवाल ती अक्षराला अक्षर जोडून वाचत होती. वाचायला अवघड जाते म्हणून जिची तपासणी झाली, ती आपल्या वाचनाविषयी काय ठरले ते वाचत होती, आणि ती असे करील हे आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलेले नव्हते.

“मावशी, हे माझ्याबद्दलच आहे ना?” एवढेच तिने विचारले.

मी हो म्हटले. तेवढ्यात दुकानदाराने पैसे सांगितले, पानांना पिन लागली, फाइल बंद झाली आणि आम्ही पुन्हा रांगेकडे वळलो. प्रसंग एवढाच. पण तिने तो प्रश्न विचारावा अशी वेळ आली, हे मला त्यानंतर कितीतरी दिवस टोचत राहिले. तपासणीच्या निमित्ताने तिच्याविषयी बालरोगतज्ज्ञ बोलले होते, मानसशास्त्रज्ञ बोलल्या होत्या, विशेष शिक्षिका बोलल्या होत्या. शाळेने पत्र लिहिले होते, आईने तासभर माहिती दिली होती, वडिलांनी फोनवरून संमती दिली होती. जिला प्रत्येक टेबलासमोर बसवले गेले, तिला मात्र कुणी समोर बसवून काही सांगितले नव्हते.

अशा तपासणीची सुरुवात मुलापासून होत नाही, आईपासून होते. आधी डोळे आणि कान तपासून घेतात, कारण फळ्यावरचे नीट दिसत नसेल किंवा शिक्षकांचे बोलणे नीट ऐकू येत नसेल, तर पुढच्या कोणत्याही चाचणीला अर्थ उरत नाही. त्यानंतर आईची मुलाखत होते. गरोदरपणात काही त्रास झाला का, बाळंतपण कितव्या महिन्यात झाले, बाळ जन्मल्याबरोबर रडले का, वजन किती होते, कावीळ झाली होती का, झटके आले होते का, बसायला कधी लागली, चालायला कधी, पहिला शब्द कोणता. मी बहिणीच्या शेजारी बसले होते. बाळ लगेच रडले का, या प्रश्नाला तिने उत्तर देण्याआधी जो वेळ घेतला, तो माझ्या लक्षात राहिला. तालुक्याच्या दवाखान्यातली ती रात्र ती आठवत असावी, आणि त्या रात्रीत आपल्या हातून काही राहून गेले होते का हेही शोधत असावी. घरात आणखी कुणाला लिहिण्या-वाचण्याची अडचण होती का, असे विचारल्यावर ती आधी नाही म्हणाली. मग थांबून तिने मोठ्या दिरांचे नाव घेतले, त्यांनी चौथीतच शाळा सोडली होती. संध्याकाळी घरी आल्यावर ती म्हणाली, “ताई, सगळे प्रश्न माझ्या पोटापासूनच सुरू झाले.” हे प्रश्न विचारावेच लागतात, हे मला समजते. वाचनाची ही अडचण घराण्यात उतरते, मेंदूच्या घडणीत तिचे मूळ असते, आईच्या हेळसांडीने ती उद्भवत नाही; आणि तेच तपासून पाहण्यासाठी हे प्रश्न असतात. पण ते असे का विचारतात हे आईला कुणी सांगत नाही, आणि न सांगितलेल्या जागी अपराधीपणा येऊन बसतो. मुलीच्या बाबतीत पुढे जे झाले, त्याची सुरुवात मला त्या खोलीतच दिसते.

मानसशास्त्रज्ञांच्या चाचणीच्या वेळी पालकांना बाहेर बसवतात. त्यामुळे आत काय झाले ते मला भाचीच्या तोंडूनच कळले, लोकलमध्ये खिडकीशी बसून तिने सांगितलेले. चाचण्यांमधले प्रश्न बाहेर सांगायचे नसतात, सांगितले तर पुढच्या मुलाची चाचणी निकामी होते. म्हणून इथे तपशील देत नाही. तिला आवडले ते ठोकळे जुळवून नक्षी करणे, कारण, तिच्या शब्दांत, “तिथं लिहायचं नव्हतं.” आकडे ऐकून उलट्या क्रमाने म्हणायचे होते, त्यात ती फार लवकर अडखळली. बाईंच्या हातात घड्याळ होते आणि बरोबर की चूक हे त्या कधीच सांगत नव्हत्या. उत्तर चुकले तरी त्यांचा चेहरा तसाच राही, आणि आले तरी तसाच. शाळेत उत्तर चुकले की लगेच कळते, इथे काहीच कळत नव्हते, हे तिने फार गंभीरपणे सांगितले. चाचणी घेणाऱ्याने चेहरा सारखा ठेवणे हा त्या शास्त्राचा नियमच आहे आणि तो योग्य आहे. पण तेरा वर्षांच्या मुलीला त्या सारख्या चेहऱ्याचा अर्थ आपणच लावावा लागतो, आणि वर्गात आठ वर्षे चुकत आलेले मूल तो कोणत्या बाजूने लावील हे सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी विशेष शिक्षिकेने वाचन, श्रुतलेखन, पाहून लिहिणे आणि गणित घेतले. त्यांनी तिच्या वह्याही मागवल्या होत्या. मराठी लिपी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते, त्यामुळे इंग्रजी वाचताना होणारे हाल मराठीत होत नाहीत, असे पुष्कळांना वाटते. त्या वह्यांत मी जे पाहिले ते वेगळे होते. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते पण कागदावर आधी काढावी लागते, आणि भाचीच्या वहीत ती कधी शेजारच्या अक्षरावर गेलेली होती, कधी गायब होती. ‘सूर्य’ म्हणताना र आधी येतो, पण त्याचा रफार य-च्या डोक्यावर बसतो. तिच्याकडे तो हमखास चुकीच्या डोक्यावर होता. जोडाक्षरे फुटून वेगळी झाली होती. गणितात त्रेसष्ट ऐकून तिने ३६ लिहिले होते, कारण मराठीत तीन आधी ऐकू येतो आणि साठ नंतर. प्रत्येक पानावर लाल शाईने ‘अक्षर सुधार’, ‘लक्ष दे’, ‘सराव कर’ असे शेरे होते. विशेष शिक्षिकेने त्याच चुका वेगळ्या रंगाच्या पेनाने गोल करून गटांत मांडल्या, तेव्हा त्यांतली शिस्त मला पहिल्यांदा दिसली. त्या चुका निष्काळजी मुलाच्या नव्हत्या, ठरावीक जागी पुन्हा पुन्हा होणाऱ्या होत्या. चांगल्या मूल्यमापनाचे सगळे मोल मला त्या गोलांमध्ये दिसते. आळस म्हणून जे आठ वर्षे टाकून दिले, त्याला त्यांनी एका दुपारी आकार दिला.

मग आकडा आला.

बुद्ध्यंकाच्या चाचण्यांची सरासरी १०० धरलेली असते आणि साधारण दोन तृतीयांश मुले ८५ ते ११५ यांच्या दरम्यान येतात. भाचीचा एकूण आकडा या पट्ट्यात, सरासरीच्या जवळ होता. पण आतल्या भागांत मोठी तफावत होती. शब्दांतून समजून घेण्यात ती आपल्या वयाच्या बहुतेक मुलांच्या पुढे होती, आणि ऐकलेले क्षणभर मनात धरून त्यावर काम करण्यात बरीच मागे. या दोन टोकांची सरासरी काढली की जो आकडा मिळतो, तो तिच्या कोणत्याच अंगाचा नसतो. तरी फाइलमध्ये पहिल्या पानावर तोच असतो, कारण तो दारावरचा आकडा आहे. केंद्र सरकारच्या २०१८ सालच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बुद्ध्यंक ८५च्या वर असला, तरच पुढे बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेची वाचन-लेखन-गणिताची चाचणीमाला लावायची असे. त्या रांगेत आमच्या पुढे एक वडील होते, त्यांच्या मुलाचा आकडा जरा खाली आला होता. तो मुलगा अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत बसत नव्हता आणि बौद्धिक अक्षमतेच्याही नाही. त्याला वाचता येत नव्हते हे मात्र खरे होते. वडील पुन्हा पुन्हा त्या पानाकडे पाहत होते आणि मुलगा त्यांच्या चेहऱ्याकडे.

ज्या माणसाने या मोजमापाची सुरुवात केली, त्याला हे असे नको होते. फ्रेंच सरकारने १९०४ साली नेमलेल्या समितीच्या कामातून आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये आपली पहिली श्रेणी, म्हणजे बुद्धी मोजण्याच्या प्रश्नांची चढती माला, मांडली. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना ओळखून त्यांना वेगळ्या पद्धतीने शिकवता यावे, हा तिचा हेतू होता. बुद्धी म्हणजे जन्मभर न बदलणारी एक राशी, हे मत बिने यांनी उघडपणे नाकारले होते. मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायचे, हा बुद्ध्यंक नावाचा भागाकार जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी १९१२ साली सुचवला, तेव्हा बिने यांना जाऊन एक वर्ष झाले होते. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात धारवाडमध्ये बिने यांची श्रेणी मराठी आणि कानडी मुलांसाठी घडवली; पुढे १९६०च्या दशकात नागपुरात काम करणाऱ्या ए. जे. मालिन यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वेक्स्लर यांच्या मुलांसाठीच्या बुद्धिमापन चाचणीचे भारतीय रूप तयार केले. आपल्या मुलांना परक्या भाषेतल्या, परक्या चित्रांतल्या प्रश्नांनी मोजू नये, हा या माणसांचा आग्रह होता, आणि त्याविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटते. प्रश्न मुलाच्या भाषेत असावेत हे नव्वद वर्षांपूर्वी कुणाला तरी कळले. उत्तर मात्र आजही मुलाच्या भाषेत मिळत नाही. भाचीला मराठीतून विचारले गेले, मराठीतून तपासले गेले, आणि निष्कर्ष तिला नीट न येणाऱ्या इंग्रजीत लिहिला गेला.

हे मला इतके का लागले, याचे कारण माझ्या लहानपणात आहे. पुण्यात चौथीत असताना आम्हा काही मुलांची एका शाळेच्या निवडीसाठी बुद्धिमापन चाचणी घेतली होती. लाकडी बाकांचे मोठे सभागृह, दर बाकावर एकच मूल, छापील पुस्तिकेतल्या आकृत्या, टोक केलेल्या दोन पेन्सिली आणि ‘थांबा’ म्हणणारा एक मोठा आवाज, एवढे मला आठवते. काही आठवड्यांनी बंद पाकीट आले. वडिलांनी ते उभ्यानेच उघडले, वाचले, घडी करून परत पाकिटात घातले आणि कपाटात ठेवले. निवड झाली नव्हती, एवढे मला दुसऱ्या दिवशी आईकडून कळले. पाकिटात आणखी काय होते, ते कुणी सांगितले नाही आणि विचारायचे धाडस मला झाले नाही. वडील अतिशय प्रेमळ होते. मला वाईट वाटू नये म्हणूनच त्यांनी ते ठेवून दिले असणार. पण त्यानंतर गणिताचे प्रगतिपुस्तक दाखवताना, बारावीचा निकाल सांगताना, अगदी नोकरी लागल्याचे पत्र हातात देतानासुद्धा, त्यांना माझ्याविषयी काहीतरी ठाऊक आहे आणि ते मला ठाऊक नाही, ही जाणीव माझ्याबरोबर असे. घर बदलताना ते पाकीट कुठेतरी गेले. त्यात बहुधा एखादा बरा आकडा आणि दोन कोरडी वाक्ये असतील. ती मला कळली असती तर मी त्यांच्याशी भांडले असते किंवा ती विसरून गेले असते. कळली नाहीत, म्हणून ती वर्षानुवर्षे मोठी होत राहिली.

आता ज्या कागदासाठी, म्हणजे अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी, हा सगळा प्रवास होता, त्याविषयी. महाराष्ट्रात अध्ययन अक्षम मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती १९९६ सालापासून मिळतात. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण न कापणे, एखाद्या भाषेऐवजी दुसरा विषय, गणितात खालच्या इयत्तेचा अभ्यासक्रम आणि जोडीला कार्यानुभव, अशा त्या आहेत. मुंबईत शीव, नायर आणि केईएम या रुग्णालयांनी हे काम दीर्घकाळ अंगावर घेतले, आणि गावोगावचे पालक तिथे येत राहिले. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आली, त्यामुळे या सवलती आता हक्क झाल्या आहेत. हे मोठे काम आहे. या सवलतींमुळे शिक्षण पुढे चालू ठेवू शकलेली मुले मी पाहिली आहेत. परंतु २०१८च्या ज्या सूचनांनी ८५चा उंबरठा सांगितला, त्याच सूचनांनी हेही सांगितले होते की शिक्षकांनी तिसरीत किंवा मूल आठ वर्षांचे झाल्यावर प्राथमिक चाळणी करावी, प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून मिळावे आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी व्हावी. तिसरीत भाचीला कुणी पाहिले नाही. आठवीत पाहिले, कारण दहावी जवळ आली. तपासणीला बोर्डाच्या परीक्षेने ओढत आणले की अहवालही परीक्षेसाठीच लिहिला जातो. त्यात मुलीने रोज काय करावे, शिक्षकांनी वर्गात काय बदलावे, हे शेवटच्या पानावर तीन ओळींत येते, आणि शाळा ते पान उलटत नाही, कारण शाळेला हवा असतो तो प्रमाणपत्राचा क्रमांक.

पुढच्या तारखेला आम्ही गेलो, तेव्हा मी मानसशास्त्रज्ञ बाईंना झेरॉक्सच्या दुकानातली गोष्ट सांगितली. बाहेर बाकांवर माणसे दाटीने बसली होती आणि त्यांच्या टेबलावर फाइलींचा ढीग होता; मी जे मागत होते त्यासाठी त्यांना कुणी वेळ दिलेला नव्हता, हे मला दिसत होते. तरी त्या उठल्या, त्यांनी दार लोटून घेतले आणि भाचीला समोर बसवले. आम्ही दोघी मागच्या खुर्च्यांवर होतो. त्या म्हणाल्या, “तुला ऐकून जे समजतं, ते तुझ्या वयाच्या पुष्कळ मुलांना समजत नाही. हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही, मी ते मोजलंय. अक्षरं ओळखून त्यांचा शब्द करायला तुझ्या डोक्याला जास्त काम पडतं. ते काम करता करता ओळीच्या सुरुवातीचं निसटून जातं. म्हणून तू वाचतेस तेव्हा कळत नाही, आणि कुणी वाचून दाखवलं की कळतं. असं होतं का?” भाचीने मान हलवली. मग तिने विचारले, “हे कधी जाणार?” बाई क्षणभर थांबल्या. त्या म्हणाल्या, “जाणार नाही. रोज थोडा वेळ ठरावीक पद्धतीने सराव केलास तर वाचन सोपं होत जाईल, पण तुला इतरांपेक्षा थोडा जास्त वेळ लागत राहील. मोठेपणीसुद्धा.” माझ्या बहिणीने डोळ्याला पदर लावला. भाची रडली नाही. तिने दुसरा प्रश्न विचारला, तो ठोकळ्यांचा होता: ते तिला जमले होते का? जमले होते.

त्यानंतर बाईंनी एका कोऱ्या पानावर मराठीत मोठ्या, सुट्या अक्षरांत पाच-सहा वाक्ये लिहून दिली. त्यावर आकडा नव्हता. काय चांगले जमते, काय अवघड जाते, काय केल्याने मदत होते आणि वर्गात बाईंना काय सांगायचे, एवढेच होते. लिहायला जेमतेम दहा मिनिटे गेली असतील. प्रत्येक मुलाच्या फाइलला असे एक पान असले पाहिजे, त्याच्या भाषेत आणि त्याला वाचता येईल अशा अक्षरांत, आणि ते लिहिण्याचा वेळ तपासणी करणाऱ्या माणसांच्या कामातच धरला पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे. आज ते एखाद्या थकलेल्या व्यक्तीच्या भलेपणावर अवलंबून आहे.

माझ्या बहिणीला हे मान्य नाही, आणि तिचे म्हणणे मी बाजूला सारू शकत नाही. तिच्या मते सर्टिफिकेट मिळावे, सवलत मिळावी, दहावी सुटावी, आणि हा विषय घरातल्या चार भिंतींत राहावा. “जाणार नाही” हे तेरा वर्षांच्या पोरीला सांगायची काय गरज होती, असे तिने परतीच्या वाटेवर मला रागाने विचारले. गावात दिव्यांग हा शिक्का कळला तर उद्या लग्नाच्या वेळी त्याचे काय होईल, ही भीती तिने आजवर माझ्याजवळच बोलून दाखवली आहे. ती भीती खोटी नाही. तिला त्या गावात राहायचे आहे आणि मी मुंबईत बसून मते देते.

दिवाळीनंतर मुख्याध्यापकांनी मायलेकींना बोलावले आणि कोणत्या सवलती घ्यायच्या ते विचारले. बहिणीने सगळ्या सांगितल्या. भाचीने तिथेच, सरांच्या समोर, आपल्याला लेखनिक नको असे सांगितले. जादा वेळ हवा, आणि प्रश्नपत्रिका कुणी वाचून दाखवणार असेल तर उत्तरे आपण स्वतः लिहू. ऐकून आपल्याला चांगले समजते, हे मोजलेले आहे, असेही ती म्हणाली. सरांनी ते लिहून घेतले. बहीण अजून लेखनिकावर ठाम आहे, कारण हाताने लिहिताना मुलगी दमते हे तिने रोज पाहिले आहे. दहावीचा अर्ज भरायला अजून अवकाश आहे. दोघींचा वाद फोनवरून माझ्यापर्यंत येतो, तेव्हा मी मुलीची बाजू घेते.